रडर पेडल : दुरुस्ती की नवी खरेदी?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. मात्र, उलव्याच्या आकाशात खरीखुरी विमाने दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून शहरातील घराघरांत संगणकाच्या पडद्यावर विमाने उडवली जात आहेत. वैमानिक होण्याची तयारी करणारे विद्यार्थी आणि निव्वळ हौस म्हणून उड्डाण करणारी मंडळी, असे दोन्ही प्रकारचे लोक या छंदात आहेत. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ साली आली आणि २०२० व २०२४ च्या आवृत्त्यांनी हा छंद नव्या पिढीपर्यंत पोहोचवला. या साऱ्या साहित्यात पायाखालचा भार सोसणारे आणि म्हणूनच वारंवार कुरकुरणारे उपकरण म्हणजे रडर पेडल. ते बिघडले की बहुतेक जण एक तर तसेच वापरत राहतात किंवा नव्या खरेदीचा विचार सुरू करतात. हे दोन्ही मार्ग घाईचे आहेत. कारण अनेकदा बिघाड एखाद्या छोट्या सुट्या भागात असतो आणि बिघडलेल्या पेडलवर केलेला सराव मात्र पायांना चुकीचे वळण लावतो.

पायांची सवय महत्त्वाची

विमानाच्या शेपटीवरील उभ्या पंखाला मागच्या बाजूस बिजागरीने जोडलेली हलती फळी म्हणजे रडर. डावे पेडल दाबले की विमानाचे नाक डावीकडे आणि उजवे दाबले की उजवीकडे वळते. धावपट्टीवर विमान सरळ ठेवणे, वळण घेताना तोल सांभाळणे आणि आडव्या वाऱ्यात उतरणे ही कामे पायांची असतात. पेडलच्या वरच्या टोकावर चवड्याने दाब दिला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. म्हणजेच घरगुती पेडलमधून संगणकाकडे एकूण तीन संदेश जातात: एक रडरचा आणि दोन ब्रेकचे.

पायांना लागलेली सवय किती दूरवर परिणाम करते, याचे गंभीर उदाहरण अमेरिकेत घडले. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान पुढे गेलेल्या जम्बो जेटने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले. सहवैमानिकाने रडर पेडल आलटूनपालटून जोराने दाबले आणि त्या ताणाने शेपटीचा उभा पंखच तुटून पडला. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ जणांचा त्यात मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये पेडलचा अनावश्यक व अतिरेकी वापर हे अपघाताचे कारण ठरवले. त्याचबरोबर रडर यंत्रणेची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातील काही बाबींनीही त्याला हातभार लावल्याचे नमूद केले. घरातील पेडल आणि हा अपघात यांची थेट तुलना अर्थातच होऊ शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या उपकरणावरील सरावच परवान्यासाठी धरला जातो. घरच्या सरावाचे तास धरले जात नाहीत. मात्र पाय सराव कोठे झाला हे विचारत नाहीत, ते फक्त सवय लक्षात ठेवतात. उडी मारणाऱ्या पेडलला सावरण्यासाठी सतत पाय हलवण्याची सवय लागली, तर पुढे प्रशिक्षकाला ती मोडून काढावी लागते.

आधी निदान, मग स्क्रू

पेडल उघडण्यापूर्वी बिघाड नेमका कोठे आहे हे पाहावे. विंडोजमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' हा विभाग उघडल्यास पेडलच्या हालचालीबरोबर सरकणाऱ्या पट्ट्या दिसतात. येथील लक्षणांवरून बरेच काही समजते.

पाय स्थिर असतानाही पट्टी थरथरत असेल किंवा मध्येच उडी मारत असेल, तर दोष बहुधा सेन्सरमध्ये असतो. पट्टी मध्यावर परत येत नसेल, तर स्प्रिंग सैल होणे, सरकत्या रुळांत कचरा अडकणे किंवा कॅलिब्रेशन बिघडणे, यांपैकी एक कारण असते. पेडल संगणकाला दिसतच नसेल, तर आधी मधला यूएसबी हब काढून ते थेट संगणकाच्या दुसऱ्या पोर्टला जोडावे. मग केबल हलवून पाहावी. केबल पेडलमध्ये शिरते त्या जागी आतली तार तुटणे ही नेहमीची बाब आहे. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी उपकरणांना झोपवते, ती सोयही बंद करून पाहावी.

काही वेळा पेडल निर्दोष असते आणि घोळ सॉफ्टवेअरचा असतो. जॉयस्टिकची मूठ पिळण्याची हालचाल आणि पेडल, या दोहोंना रडरचे काम दिलेले असेल तर ते एकमेकांशी भांडतात. अशा वेळी एकाची नेमणूक काढून टाकावी. विमान धावपट्टीवर वेगच घेत नसेल, तर ब्रेकची दिशा उलटी नोंदली गेली आहे का, हे पाहावे. सिम्युलेटरमधील आपोआप रडर सांभाळणारी मदतही सरावापूर्वी बंद केलेली बरी.

सेन्सरची सफाई

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर हा सेन्सर असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व येथे आहे. विरोधक पदार्थाच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत जाते आणि तिच्या जागेनुसार विद्युतदाब बदलतो. घासण्याने पट्टी झिजते, तिच्यावर धूळ साचते आणि नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात पावसाळ्यातील दमट हवा धातूच्या जोडांना गंज आणते. आवाजाचे जुने बटण फिरवताना खरखर ऐकू यायची, तीच खरखर पेडलमध्ये थरथरीच्या रूपाने दिसते.

दुरुस्तीचा पहिला उपाय सफाई. पेडल संगणकापासून सोडवावे. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. आतील स्प्रिंग ताणलेली असल्याने डोळ्यांना चष्मा असावा. पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कामासाठी मिळणारा काँटॅक्ट क्लीनर थोडासा फवारून पेडल दोन्ही टोकांपर्यंत तीस-चाळीस वेळा हलवावे आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडावे. गंजलेले नटबोल्ट सोडवण्याचा तेलकट फवारा येथे वापरू नये. त्याचा चिकट थर उरतो आणि धूळ आणखी धरतो. सफाईनंतर थरथर थांबली आणि काही दिवसांतच परत आली, तर पट्टी झिजली आहे असे समजून सेन्सर बदलावा.

सेन्सर बदलताना

पोटेन्शिओमीटरला तीन पाय असतात. तारा सोडवून मल्टिमीटरने बाहेरच्या दोन पायांमधील रोध मोजावा. तो अंगावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास असायला हवा. मग मधला पाय आणि कडेचा एक पाय यांत मोजत दांडा हळू फिरवावा. आकडा सलग बदलला तर सेन्सर ठीक. मध्येच तुटला किंवा उडाला तर निकामी.

नवा घेताना रोधाचा आकडा तोच असावा, उदाहरणार्थ १० किलोओहम किंवा १०० किलोओहम. बदल समान गतीने होणारा, म्हणजे लिनिअर प्रकारच मागावा. त्यावर साधारणपणे 'बी' हे अक्षर असते. आवाजासाठी वापरला जाणारा 'ए' प्रकार बसवल्यास पेडल एका बाजूला सुस्त आणि दुसऱ्या बाजूला अतिसंवेदनशील होते. दांड्याची जाडी, लांबी आणि त्याला सपाट बाजू आहे की नाही, हेही जुळले पाहिजे. त्यासाठी जुना भाग खिशात घालून दुकानात जाणे उत्तम.

कायमचा उपाय हवा असेल तर हॉल सेन्सरचा विचार करता येतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. फिरणारा चुंबक आणि त्याच्यासमोर बसवलेला सेन्सर यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, त्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र, त्याला किती व्होल्ट लागतात हे पाहणे आणि वीज, भूमी व संदेश या तीन तारा अचूक जोडणे आवश्यक असते. चुंबक भक्कम बसवावा लागतो आणि नंतर नव्याने कॅलिब्रेशन करावे लागते. सोल्डरिंगची सवय नसणाऱ्याने हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

आतील सर्किटच जळाले असेल, तरीही सांगाडा फेकू नये. आर्डुइनो लिओनार्डोसारखा छोटा बोर्ड योग्य प्रोग्राम घातल्यावर संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतो आणि तिन्ही सेन्सर त्याला जोडता येतात. त्याची मोजणी १०२४ पायऱ्यांची असते. घरच्या सरावाला ती पुरते.

मोडतोड आणि सुटे भाग

प्लॅस्टिकचा दुवा तुटला तर केवळ गोंदाने चिकटवलेला जोड पायाच्या जोरापुढे टिकत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवून त्याला आधार द्यावा किंवा तो भाग त्रिमितीय छपाईने करून घ्यावा. छपाईत पीएलए हे प्लॅस्टिक सतत भार पडल्यास वाकते. पीईटीजी किंवा नायलॉन अधिक टिकाऊ ठरते. रुळांना वंगण लावायचे तर प्लॅस्टिकला न खाणारे सिलिकॉन ग्रीस घ्यावे. पण काही रूळ कोरडेच चालण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून माहितीपुस्तिका आधी पाहावी. गुळगुळीत फरशीवर पेडल सरकत असेल तर ते प्लायवूडच्या फळीवर बसवून खाली रबरी चटई घालावी. पाय घसरल्याने येणारा धक्काही मोडतोडीचे एक कारण असतो.

पोटेन्शिओमीटर, हॉल सेन्सर, केबल, काँटॅक्ट क्लीनर अशा वस्तूंसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही मुंबईची जुनी बाजारपेठ आहे. धातूचे किरकोळ काम करून घेण्यासाठी नवी मुंबईकरांना शहराबाहेर जाण्याची गरज नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीत लेथ आणि शीट मेटलची कामे करणारे कारखाने आहेत.

नवे केव्हा घ्यावे?

हमीचा काळ शिल्लक असेल तर पेडल उघडूच नये; बिल आणि बिघाडाचे चित्रीकरण घेऊन विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केले आहे.

हमी संपली असेल तर हिशेब सोपा आहे. सेन्सर, केबल, स्प्रिंग एवढ्यावर भागत असेल तर दुरुस्ती करावी. मुख्य सांगाडा किंवा पेडलची धुरी तुटली असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर नवे घ्यावे. लॉजिटेक (मूळचे सायटेक, २०१६ पासून लॉजिटेककडे) आणि थ्रस्टमास्टरची पेडले अनेकांच्या परिचयाची आहेत. व्हीकेबी, व्हर्पिल किंवा क्रोएशियात तयार होणारे एमएफजी क्रॉसविंड यांसारखी पेडले परदेशातून मागवायची झाल्यास सीमाशुल्क, वाहतूक खर्च आणि हमीसाठी ती परत पाठवण्याचा खर्च किमतीत धरावा. खरेदी करताना सेन्सर हॉल प्रकारचा आहे का, स्प्रिंगचा ताण बदलता येतो का आणि सुटे भाग मिळतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. वापरलेले पेडल घेताना विक्रेत्यासमोरच ते संगणकाला जोडून तिन्ही पट्ट्या पाहाव्यात. टाकाऊ पेडल कचरापेटीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

पेडल जोडल्यावर प्रथम कॅलिब्रेशन करावे. मध्यावर थोडा निष्क्रिय भाग ठेवता येतो. पण थरथर झाकण्यासाठी तो वाढवत नेणे म्हणजे दुखणे लपवणे होय. मग सेसना १७२ सारखे छोटे विमान घेऊन उड्डाण करावे. इंजिनाला पूर्ण जोर देताच नाक डावीकडे ओढले जाते आणि उजव्या पायाने ते मध्यरेषेवर ठेवावे लागते. हे काम सलग, बारीक दाबाने जमले आणि वळणात तोलदर्शकातील गोळी मध्यावर राहिली, तर दुरुस्ती साधली असे समजावे. तोपर्यंत बिघडलेल्या पेडलवर सराव करण्यापेक्षा मूठ पिळणारी जॉयस्टिक वापरलेली बरी.

उड्डाणाचा पहिला नावाजलेला सिम्युलेटर एडविन लिंक या अमेरिकी तरुणाने १९२९ मध्ये वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यात शिकलेल्या कसबावर उभा केला होता. आपल्या पेटीत असतात तसे हवेचे भाते त्याला हलवत. वाद्ये जोडणाऱ्या हातांनी वैमानिक घडवणारे यंत्र तयार केले. घरच्या पेडलचे चार स्क्रू सोडवायला तेवढे कसबही लागत नाही. थोडा धीर आणि एक मल्टिमीटर पुरतो.