डार्करूममधली रोजची पट्टी

एक्स-रेचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८९५ मध्ये रॉन्टगेनने किरण शोधले, पुढे नळ्या सुधारल्या, काचेच्या प्लेटा जाऊन फिल्म आली. पण ती फिल्म डेव्हलपरच्या टाकीतून निघेपर्यंत रोग्याचे हाड कोणालाच दिसत नाही. त्या टाकीकडे मोजमापाच्या नजरेने पाहायला वैद्यकाने फार उशीर केला आणि त्याची किंमत रोग्यांनी मोजली, असे माझे मत आहे. साधन नव्हते, असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये विडनेसच्या रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने १८९० मध्येच, म्हणजे रॉन्टगेनच्याही आधी, प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटणारी घनता, म्हणजे काळेपणा, यांचे नाते आलेखात बसवले होते. तरीही डार्करूमची भिस्त कितीतरी वर्षे नजरेवरच राहिली. सेफलाइटच्या लाल उजेडात हँगर वर उचलायचा, चित्र पुरेसे काळे झाले असे वाटले की फिक्सरमध्ये टाकायचा. ठरलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटे फिल्म बुडवण्याची रीत माहीत होती, तरी ही सवय सुटत नव्हती. तिचा दोष असा की रोग्याला जास्त किरण दिले तर फिल्म लवकर काळी होते, मग ती लवकर बाहेर काढली जाते आणि डेव्हलपिंग अर्धवट राहते. चित्र वरवर ठीक दिसते, पण त्याचा कॉन्ट्रास्ट गेलेला असतो आणि जास्तीचे किरण रोग्याच्या अंगात गेलेले असतात.

मुरलेल्या तंत्रज्ञाला फिल्म पाहताच बिघाड कळतो, हा आक्षेप खोटा नाही. अचानक झालेला बिघाड त्याला कळतोच. पण रसायन एका दिवसात बिघडत नाही. हवेने डेव्हलपर रोज थोडा थोडा मरतो, डोळा त्याला सरावतो आणि हात नकळत एक्स्पोजर वाढवत जातो. रोलरची स्वयंचलित यंत्रे आल्यावर हा प्रश्न मिटेल, असे अनेकांना वाटले. १९५० च्या दशकात कोडॅकचे एक्स-ओमॅट आले आणि १९६५ मध्ये तर फिल्म ९० सेकंदांत कोरडी होऊन हातात पडू लागली. मात्र हा वेग मिळाला तो डेव्हलपर गरम ठेवून, त्यामुळे तापमानातला एखाद्या अंशाचा फरकही महाग पडू लागला. शिवाय ताजे रसायन जितक्या फिल्म जातील त्या प्रमाणात आत सोडले जाई. जिथे दिवसाकाठी मोजक्याच फिल्म निघत, तिथे टाकीतले रसायन बदलण्याआधीच शिळे होई. लहान केंद्रांचे नुकसान यात सर्वाधिक झाले.

हे सगळे उघडे पडले ते मॅमोग्राफीत. स्तनातले चुन्याचे कण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढे असतात, कॉन्ट्रास्ट थोडा जरी घसरला तरी ते बुडून जातात. अमेरिकेत १९८५ च्या पाहणीत जवळजवळ एकतृतीयांश केंद्रांतल्या प्रतिमांचा दर्जा हवा तसा आढळला नाही. १९९२ मध्ये तिथे मॅमोग्राफीच्या दर्जाचा कायदा झाला आणि पुढच्या नियमांनी सकाळची पहिली कसोटी सक्तीची केली. रोग्याची एकही फिल्म यंत्रात घालण्याआधी सेन्सिटोमीटरने एका फिल्मवर पायऱ्यापायऱ्यांची पट्टी उमटवायची, ती धुवायची आणि घनता मोजायची. सेन्सिटोमीटरचा प्रकाश दरवेळी तोच असल्यामुळे पट्टीत फरक पडला तर दोष रसायनाचा किंवा यंत्राचा, नळीचा नाही. मधली घनता आणि कॉन्ट्रास्ट दाखवणारा घनतेतला फरक हे दोन्ही ठरलेल्या आकड्यापासून ०.१५ च्या आत हवेत. कोऱ्या भागाचा धूसरपणा ०.०३ पेक्षा जास्त वाढता कामा नये. आकडा हद्दीबाहेर गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत रोग्याच्या फिल्म थांबवायच्या. माझ्या मते या नियमाचे खरे बळ या थांबवण्यात होते, कारण नुसती नोंद ठेवून रसायन सुधारत नाही.

आता डिजिटल आले, टाक्या गेल्या, मग या इतिहासाचे काय, असा प्रश्न येईल. फिल्म निदान जास्त किरणांनी काळी पडून बोलत तरी असे. डिजिटल चित्र संगणक सावरून घेतो, त्यामुळे किरण दुप्पट झाले तरी पडद्यावर सारे छानच दिसते. म्हणूनच २००८ मध्ये एक्स्पोजर इंडेक्सचे, म्हणजे चित्र घेताना यंत्रापर्यंत किती किरण पोहोचले हे सांगणाऱ्या आकड्याचे, आंतरराष्ट्रीय मानक ठरवावे लागले. आपल्या रुग्णालयांतल्या यंत्रांवर हा आकडा दिसत असेल, तर तो रोज वहीत उतरवावा, त्याची हद्द ठरवावी आणि ती ओलांडली गेली की कारण सापडेपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार तंत्रज्ञाच्या हाती द्यावा.