यंदाचा शाळू

शिक्रापूरच्या चौकातून चाकणकडे वळणारी कंटेनरची रांग बघून तात्या (आमचे चुलते) दर वेळी एकच वाक्य बोलतात, "इथनं कडब्याच्या गाड्या जायच्या." या दिवाळीत मात्र वेगळंच बोलले. वेळ नदीच्या अंगाला जे दीड एकर काळं रान उरलंय, त्यातला यंदाचा शाळू शेवटचा. पुढच्या साली ऊस, नाहीतर कुणीतरी गोदामासाठी मागतंय त्याला भाड्यानं.

मी काहीच बोललो नाही. पुण्यात राहून बोलणार तरी काय? पण घरी आल्यावर वाचत बसलो.

शिक्रापूरजवळच्या जातेगाव बुद्रुकची एक जुनी पाहणी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. कानिटकर यांची, 1921 साली छापलेली. आधी मॅननी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता. ते गाव पुण्याच्या फार जवळचं, म्हणून मग हे कोरडवाहू गाव निवडलं. बाजरी, ज्वारी आणि पावसाची वाट. निष्कर्ष वाचवत नाही : नुसत्या जमिनीवर साधं जगणंही बहुतेक घरांना भागत नव्हतं, आणि वर कर्ज. म्हणजे "पूर्वी कसं सगळं घरचं होतं" असं जे आपण लग्नकार्यात म्हणतो ना, ते जरा जपूनच म्हणावं.

कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्याच मागे लागले. 1923 पासून मांजरीला आणि 1933 पासून सोलापूरला हे संशोधन चाललं. त्यातून आलेली पद्धत अशी : बांध घाला, वरचेवर कुळवा, बी कमी टाका, दोन ओळींत 18 इंच अंतर ठेवा आणि कोळपत राहा. शाळू हस्ताच्या आसपास पेरतात, त्यानंतर बहुधा पाऊस नाहीच. जमिनीतल्या ओलीवर चार महिने काढायचे. थंडीत काळ्या रानाला भेगा पडतात, ओल उडते, मुळं तुटतात. शेवटची कोळपणी तणासाठी कमी आणि या भेगा बुजवायला जास्त. आजोबांची पाभर किती इंची होती, हे तात्यांना विचारायचं राहिलंच.

बियाणं मालदांडी. 1930 च्या दशकात मोहोळला गावठी मालदांडीतून निवडलेलं, एम 35-1. 1964 साली सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा भरपूर, पण ते खरिपाचं. पावसात सापडलं की दाणा काळा. ताट बुटकं, मग कडबा कुठला? त्यात 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, अमेरिकेत जनावरांना घालतात ती ज्वारी. त्या भाकरीची चव आजी मरेपर्यंत विसरली नाही. आमच्याकडे 'हायब्रीड' ही शिवी झाली ती तेव्हापासून.

दाण्यापुरता हिशेब केला तर शाळू तेव्हाही परवडत नव्हता, असं माझं मत. त्याला उभं ठेवलं कडब्यानं. बैल होते तोवर घरात शाळू होता. चासकमानचा कालवा शिरूर तालुक्यात आला, ऊस-कांदा आला, रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत पोरं कामाला लागली, ट्रॅक्टर आला. बैल गेले, मग खळं गेलं. तिवड्याभोवती पात धरून फिरलेलं मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिसरीत होतो. ताई, तुला जास्त आठवत असेल.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, शहरात भाकरीला प्रतिष्ठा आली. पण तात्यांची अडचण भावाची नाहीच. शाळू मुळासकट उपटावा लागतो. वाकून, दिवसभर, दोन्ही हातांनी. तळव्याची साल निघते. मजूर म्हणतात, कांदा काढू, हे नको. आणि तात्या अठ्ठ्याहत्तरचे.

मी त्यांना फोन करून एवढंच म्हणालो की उपटायला मी येतो. ते हसले. "तुला एक वाफा तरी जमंल का?"

फेब्रुवारीच्या शेवटी काढणी आहे. ज्यांना जमेल त्यांनी या. हातमोजे आणा, तात्या हसले तरी. हुरड्यासाठी येणार असाल तर आधीच या, कडेच्या दोन ओळी गूळभेंडीच्या आहेत.