टाहोपर्यंतचे चौदा महिने

१४ जून २०२३. चौदा महिने उरले. जयपूरच्या सांगानेर सदर हद्दीतून अकरा महिन्यांचं बाळ पळवलं जातं. संशयित उत्तर प्रदेश पोलिसांतला हेड कॉन्स्टेबल. आई आणि मूल आपल्याकडे राहावं, असा त्याचा हट्ट होता, असं पोलीस सांगतात. आरोप सिद्ध झाला तर गुन्हा याच दिवशी पूर्ण झाला. मूल पालकाच्या संमतीविना त्याच्या ताब्यातून नेलं, की दंड संहितेचं कलम ३६१ लागतं. मग लाड केले काय नि हाल केले काय!

ऑक्टोबर २०२३. दहा महिने. तिकडे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ वेगळ्याच प्रकरणात म्हणतं की, न्यायालयाची मनाई नसेल तर वडिलांनी स्वतःचं मूल आईकडून नेणं अपहरण ठरत नाही. कारण बापही कायद्यानं पालकच. म्हणून फिर्याद घेताना पहिला प्रश्न: ताब्याचा आदेश आहे का?

१ जुलै २०२४. आठ आठवडे. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू होते. अपहरणाला आता कलम १३७. पण गुन्हा जुना, म्हणून कलमही जुनंच. तिथे मुलग्याची वयोमर्यादा १६, मुलीची १८. नव्यात दोघांची १८. नवशिके इथेच घसरतात.

२२ ऑगस्ट. पाच दिवस. संशयित वृंदावनात भगव्या वेशात असल्याची खबर येते. मोबाइल तो टाळतो. तपास कसा चालतो, हे पोलिसाला कुणी शिकवायचं? जयपूरचं पथकही भगवी वस्त्रं घालून भजनं गात फिरतं.

२७ ऑगस्ट. तो मुलाला घेऊन अलीगढकडे निघाल्याचं कळतं. शेतांतून पाठलाग, मग अटक.

शून्य. सांगानेर सदर ठाणं. आईकडे देताना मूल त्याच्या गळ्याला मिठी मारून टाहो फोडतं, तोही रडतो. चित्रफीत देशभर फिरते, आणि मूल त्यालाच द्या म्हणणारे निघतात. असल्या पाझराचा मला रागच येतो. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं, त्यालाच बाळ बिलगणार. अज्ञान मुलाची संमती सर्वोच्च न्यायालयानं राजाराम खटल्यात १९७२ मध्येच निरर्थक ठरवली आहे. आपण अनौरस मुलाचे बाप आहोत असं सद्भावनेनं मानणाऱ्याला कलम ३६१ मध्ये अपवाद आहे खरा, पण तो मांडायचा न्यायालयात.