आकाशदर्शन म्हणजे काय? मोबाईलवर ताऱ्यांचा फोटो कसा काढायचा?

हौशी खगोलप्रेमी अमावास्येच्या आसपास शहराबाहेर जमतात, रात्रभर ग्रह-तारे बघतात आणि त्यांचे फोटो काढतात. यालाच आकाशदर्शन म्हणतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून खगोलप्रेमींना एकत्र आणते आहे. मुंबईकर त्यासाठी लोकलने वांगणी गाठतात. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

अशा ठिकाणी पहिला नियम म्हणजे मोबाईल खिशात! डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. कुणी क्षणभर टॉर्च लावला तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. म्हणून तिथे मंद लाल उजेडच वापरतात. त्याने डोळ्यांची ही सवय फारशी मोडत नाही.

मग फोटो कसा काढायचा?

१. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी करा, फ्लॅश बंद ठेवा.
२. फोन ट्रायपॉडवर लावा. प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर, आयएसओ १६०० आणि शटर १५ सेकंद ठेवून बघा.
३. टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोन हलणार नाही.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे शटर फार वेळ उघडं राहिलं तर ठिपक्यांऐवजी रेघा उमटतात.

फोटो निघाला की स्क्रीन लगेच बंद करा. शेजारी कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा आकाशगंगा बघत असेल.