पोरगं हुशार आहे, पण एका जागी बसत नाही : एडीएचडीची तपासणी नेमकी कुठे करायची?

‘पोरगं हुशार आहे, पण लक्षच देत नाही.’ आठवी-नववीच्या मुलांबद्दल ही तक्रार गावोगावी ऐकू येते. बहुतेकांच्या बाबतीत ती वयाची गोष्ट असते. काही मुलांना मात्र खरोखर एडीएचडी असतो. म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं, हातातलं काम तडीला नेणं त्यांच्या मेंदूलाच जड जातं. हा आळस नाही, बाहेरची बाधा नाही आणि लाडाने बिघडल्याचा प्रकारही नाही. देवऋषी, स्मरणशक्तीचं टॉनिक आणि शिस्तीसाठी दूरचं होस्टेल यात दोन-तीन वर्षं निघून जातात. तोवर दहावी तोंडावर येते.

ओळखायचं कसं?

लक्षणं १२ वर्षांच्या आतच सुरू झालेली असतात. ती घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसतात आणि किमान सहा महिने टिकून असतात. चांगला शिकणारा मुलगा दहावीत अचानक मागे पडला, तर आधी दुसरं कारण शोधावं : उदासी, नशापाणी, घरातला ताण, रात्रीचा मोबाईल. मोठं होताना धावपळ कमी होते, म्हणून घरच्यांना वाटतं, सुधारला. पण वह्या हरवणं, पेपर अर्धवट सोडणं, लगेच भडकणं, गाडी बेफाम चालवणं चालूच राहतं. मुलींमध्ये दंगा बऱ्याचदा दिसतच नाही. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी ‘शांत आहे’ म्हणून नजरेतून सुटते.

पहिलं दार कोणतं?

जिल्हा रुग्णालयाचा, म्हणजे सिव्हिलचा मानसोपचार विभाग. ‘मानसोपचार’ या शब्दाला बिचकायचं कारण नाही, तिथे येणारे सगळे वेडे नसतात. दुसरा रस्ता शाळेतून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, आणि नेमकं त्याच दिवशी पोरगं कांदा काढायला गेलेलं असतं! तारीख मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवावी. पथक पुढे सिव्हिलमधल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं.

एक मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून जायचं, तर हात हलवत जाऊ नये. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, दोन वह्या आणि वर्गशिक्षकांनी वर्गातल्या वागण्याबद्दल लिहिलेलं अर्धं पान सोबत असावं. एडीएचडी रक्त तपासून किंवा एमआरआय काढून कळत नाही. तो माहिती विचारून, वागणं पाहून ठरतो. म्हणून मुलाला रोज बघणारं माणूस सोबत हवं. नजर, कान, झोप आणि फिट येते का, हेही तपासून घ्यावं. पाच मिनिटांत नाव सांगून गोळ्या लिहिल्या, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही.

उपचारात पालकांना समजावणं, मुलाचं समुपदेशन आणि शाळेतले बदल येतात. पुढचा बाक, कामाचे छोटे तुकडे, मध्ये उठायची मुभा. गरज असेल तर गोळ्या. मिथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. वजन, भूक, नाडी आणि रक्तदाब बघत डोस ठरतो. शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्याला चालत नाही.

परीक्षेतल्या सवलतीचं काय?

इथे बरेच पालक फसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. वाचन, लेखन किंवा गणिताची अशी अडचण एडीएचडीसोबत बऱ्याच मुलांना असते. म्हणून त्याच फेरीत तीही चाचणी मागावी. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलतींसाठी शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करता येतो. हे काम नववीतच उरकावं, फॉर्म भरायच्या दिवसांत धावपळ करून जमत नाही.

सिव्हिल लांब असेल, तर आधी टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलता येतं. तो २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि मुलगा स्वतःही फोन करू शकतो. ‘मला जगायचं नाही’ असं मूल बोललं, तर मात्र त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.