गव्हाच्या बदल्यात पुस्तकं

आपल्या आईवडिलांच्या पिढीला रेशनवरचा अमेरिकन गहू चांगलाच आठवतो. त्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं, असं गावाकडे अजूनही म्हणतात. पण त्याच गव्हाच्या पैशातून मराठी पुस्तकं अमेरिकेत आली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मलाही ते इथे एम.एस. करायला आल्यावरच कळलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची रांग पाहून 'ही इथवर आणली कोणी?' असा प्रश्न पडला आणि उत्तर शोधताना हा इतिहास हाती लागला.

१९५४ साली अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने पब्लिक लॉ ४८० हा कायदा झाला. त्याखाली घेतलेल्या धान्याची किंमत भारताला डॉलरऐवजी रुपयांत देता येई. हे रुपये मुख्यतः भारतातच खर्च करायचे असल्याने अमेरिकन सरकारच्या खात्यात साठत गेले. १९५८ साली मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीमुळे त्यातून पुस्तकं घेण्याची वाट लायब्ररी ऑफ काँग्रेसला मोकळी झाली आणि १९६२ साली तिचं दिल्लीचं ऑफिस सुरू झालं.

हेतू निव्वळ साहित्यप्रेमाचा नव्हता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकेला आशियाची माहिती हवी होती. पण काम मात्र चोख झालं. निरनिराळ्या भारतीय भाषांतली नवी पुस्तकं दिल्लीत जमा होत, त्यांच्या याद्या छापल्या जात आणि शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, विस्कॉन्सिन अशा सहभागी युनिव्हर्सिट्यांना प्रती रवाना होत. हे पुस्तक कोण वाचणार, याची खात्री होईपर्यंत कुणी थांबलं नाही. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. संशोधक आज प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर असलेलं पुस्तक लायब्ररीने कित्येक वर्षं आधी घेऊन ठेवलेलं असावं लागतं. पुण्यात लिहिलेल्या ग्रंथाला शिकागोतून उत्तर मिळतं, ते मध्ये हा दुवा असतो म्हणून.

नुसतं पुस्तक आणून भागत नाही, ते सापडावंही लागतं. त्यासाठी प्रत्येक नाव रोमन लिपीत ठरावीक नियमाने लिहिलं गेलं. त्या नियमात शेवटचा 'अ'सुद्धा लिहितात, म्हणून वि. स. खांडेकर कॅटलॉगमध्ये जणू 'खांडेकरा' होतात! आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने एखादा लेखक मिळाला नाही, तर शेवटी एक 'ए' जोडून पाहा.

१९८०च्या दशकात हे रुपये संपले. योजना बंद पडली नाही, पण सहभागी लायब्रऱ्यांना आपल्या खिशातून डॉलर मोजावे लागू लागले. पुढे इंटरनेट आलं आणि शिकागो युनिव्हर्सिटीच्या प्रकल्पात मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश कुणालाही मोफत पाहता येऊ लागले. माझी मुलगी मराठी शब्द अडला की तिथेच शोधते.

मात्र पैसे खिशातून जायला लागले की हिशेब सुरू होतो. जी भाषा कुणी मागत नाही, तिची खरेदी आधी कमी होते. मागणारे आपणच आहोत. जवळच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत बाहेरच्यांना प्रवेश आहे का, याची चौकशी करा. पब्लिक लायब्ररीतून आंतरग्रंथालयीन सेवेने मराठी पुस्तक मागवून पाहा.

आणखी एक सुचवतो. परदेशी मराठी माणूस कसा जगला, हे उद्या कुणी अभ्यासायला घेतलं, तर त्याला या स्मरणिका लागतील. आज त्या आपल्या बेसमेंटमधल्या खोक्यांत आहेत. मंडळाने सगळ्या वर्षांचा एक संच जमवावा आणि तो युनिव्हर्सिटीला देऊ करावा. आधी ग्रंथपालांना विचारावं, कारण फुकट आलेल्या पुस्तकाचीही नोंद करायला आणि त्याला जागा द्यायला लायब्ररीला खर्च येतो. माझ्याकडचे अंक मी काढून ठेवले आहेत. ज्यांच्याकडे जुने असतील, त्यांनी कार्यकारिणीला जरूर कळवावं.