खरी गोम

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका लहानशा नियतकालिकात मी लिहिले होते की, अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी मला ‘जिओफिलस’ वंशाची गोम सापडली. ते चूक होते. चूक कोणी दाखवली नाही. पण पुढे दोन विद्यार्थ्यांनी माझा आधार घेऊन तेच नाव आपल्या प्रकल्पात उतरवलेले पाहिले आणि मला स्वस्थ बसवेना. छापील चूक छापूनच दुरुस्त करावी, म्हणून हा लेख.

लिनिअसने १७५८ साली गोमा ‘स्कोलोपेन्ड्रा’ या एकाच वंशात घातल्या होत्या. मातीत राहणाऱ्या बारीक, दोऱ्यासारख्या गोमांना विल्यम लीच या इंग्रज अभ्यासकाने १८१४ मध्ये वेगळे काढले आणि नाव दिले जिओफिलस, म्हणजे मातीवर प्रेम करणारा. हा वंश मुख्यतः युरोप-उत्तर अमेरिकेसारख्या थंड मुलुखातला. माझ्याजवळचे पुस्तकही तिकडचेच होते. शेणखताच्या ढिगाखाली सापडलेला प्राणी बारीक, डोळे नसलेला, मातीत शिरणारा, चित्र जुळले. वर मी असाही तर्क लढवला की, थंडी आवडणारा प्राणी आपल्या जिल्ह्यात असायचाच तर १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या आसऱ्यानेच असणार. आधी नाव ठरवले आणि मग त्याला पुरावा शोधला. संशोधनातली सगळ्यात जुनी खोड ती हीच.

शंका आली ती पाय मोजताना. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, हा जवळजवळ न मोडणारा नियम आहे. ५० जोड्या कधी जमत नाहीत, म्हणून ‘शतपाद’ हे नाव शब्दशः खरे ठरत नाही. जिओफिलसच्या एकाच जातीत जोड्यांची संख्या कमीजास्त असते. मादीला बहुधा जास्त. मी पुढच्या तीन पावसाळ्यांत गोळा केलेले नमुने स्पिरिटच्या बाटल्यांतून काढून भिंगाखाली मोजले. प्रत्येकाच्या ४९. नर असो वा मादी, ४९. शिवाय डोके रुंदीपेक्षा बरेच लांब, तांबूस, आणि विषाचे आकडे वरून पाहिले तरी पुढे आलेले. हा जिओफिलस नव्हता. हा ‘मेसिस्टोसेफॅलस’, म्हणजे अतिलांब डोक्याचा. उष्ण प्रदेशातला, भारतात पूर्वीपासून माहीत असलेला वंश.

हा वंश १८४३ मध्ये जॉर्ज न्यूपोर्टने प्रसिद्ध केला. त्याचे चरित्र वाचले तेव्हा मला माझ्या चुकीपेक्षा त्याचीच ओढ लागली. १८०३ साली कँटरबरीत जन्मलेला हा माणूस गाड्यांची चाके करणाऱ्या सुताराचा मुलगा. आधी तोच धंदा शिकला, कीटकांचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला, मग शल्यवैद्य झाला आणि रॉयल सोसायटीचा सदस्यही. १८५४ मध्ये वारला. गोमांवरचा त्याचा मोठा ग्रंथनिबंध १८४४-४५ चा. लांबून आलेले वाळके नमुने पाहून त्याने जे डोके ओळखले, ते माझ्या अंगणातले जिवंत डोके मला ओळखता आले नाही.

आपल्याकडे अभ्यास झाला तो मुख्यतः चावणाऱ्या मोठ्या गोमांचा. जांगी आणि दास यांचा दख्खनच्या स्कोलोपेन्ड्रिडी कुळावरचा सविस्तर निबंध १९८४ चा. भाषाही तशीच. मोठीला गोम किंवा घोण म्हणतात, वेटोळे करणाऱ्याला पैसा म्हणतात. पण मातीतल्या या बारीक, निरुपद्रवी प्राण्याला आमच्या भागात मी स्वतंत्र नाव ऐकले नाही. जिला नाव नाही ती सरसकट गोम होते, आणि गोम दिसली की चप्पल उठते. घरात येणाऱ्या मोठ्या गोमेला बहुधा २१ जोड्या असतात; ही ४९ जोड्यांची, मातीतल्या बारीक किड्यांवर जगणारी, अंड्यांभोवती वेटोळे घालून बसणारी आई वेगळी, हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाही.

‘यात एक गोम आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा लपलेला दोष सुचवतो. माझ्या लेखातली गोम ती होती: परक्या मुलखाचे नाव मला आपल्या मातीपेक्षा जवळचे वाटले. आता त्या दोन विद्यार्थ्यांना पत्र लिहिले आहे. बाटल्यांवरची चिठ्ठीही बदलली: मेसिस्टोसेफॅलस, जाती अनिश्चित, जोड्या ४९, अकोले तालुका. जात ओळखायला माझ्याहून जाणता हात हवा. बाटल्या शाबूत आहेत. ज्याला मोजायचे त्याने जरूर यावे.